घराचा भाव सांगताना

संपादक महोदय,

एजंटमार्फत घराला भाव सांगताना अनेक खरेदीदार आपली कमाल मर्यादाच बोलून बसतात. दलाली विक्रेता देत असेल, तर तो आकडा मालकापर्यंत पोचलाच म्हणून समजा. प्रस्ताव लेखीच द्यावा. त्यात रक्कम, प्रस्तावाची मुदत, ताब्याची तारीख आणि घरासोबत मिळणाऱ्या वस्तू स्पष्ट असाव्यात. कर्ज नामंजूर झाले किंवा मालकी हक्कात दोष निघाला, तर बयाणा पूर्ण परत मिळेल, हे कलम तर हवेच हवे. ते नसले की पैसे अडकतात आणि तोंडी आश्वासन कुणालाच आठवत नाही. बयाणा रोख देऊ नये, पावतीवर मालकाची सही घ्यावी. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ ऐकताच भाव वाढवू नका. त्याचा प्रस्ताव लेखी आला आहे का, ते आधी विचारा.

– एक वाचक