अक्षराआधी ठेका

महोदय,

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांकडून ठिपके जोडण्याच्या वह्या पानेच्या पाने गिरवून घेतल्या जातात आणि मग ‘पेन्सिल नीट धरत नाही’, ‘हात दुखतो म्हणतो’ अशा तक्रारी सुरू होतात. दोष मुलाचा नसतो. हातावरचा ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपरात, मनगटात आणि सर्वांत शेवटी बोटांत. मनगटातली आठ छोटी हाडे जन्मतः कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीकच असतात. त्यांतली बहुतेक टणक होऊ लागेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. म्हणून बालवर्गात लेखनाची तयारी संगीत आणि हालचालींतून व्हावी, असे आमचे मत आहे. मात्र गाणी लावून मुलांना नाचवले की ही तयारी झाली, असे नाही.

ठेका आणि रेघ यांची जोडी ठरवून घ्यावी लागते. उभ्या रेघेला केरवा हा आठ मात्रांचा ताल बरा: पहिल्या चार मात्रांत हात वरून खाली येतो, पुढच्या चारांत रेघ न ओढता परत वर जातो. गोलाला दादरा या सहा मात्रांच्या तालाचा झोका लागतो. तीन मात्रांत हात डाव्या अंगाने खाली, उरलेल्या तिनांत उजव्या अंगाने वर. ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट आहे आणि व, त, ठ यांची वळणे तशीच जातात. अ आणि उ यांची वळणे दुसऱ्या दिशेची असतात. त्या दिशेचा गोल काही आठवड्यांनी घ्यावा, दोन्ही एकाच दिवशी घेतले की मुले गोंधळतात. सगळ्यांत उपयोगी आकार मात्र ळ. आडव्या पडलेल्या दोन फेऱ्या एका दमात काढताना हाताला शरीराची मध्यरेषा (डावी-उजवी बाजू वेगळी करणारी कल्पित उभी रेषा) ओलांडावीच लागते. ज्या मुलाला ते जमत नाही, ते मध्यावर येऊन खडू दुसऱ्या हातात घेते किंवा अख्खे अंगच वळवते. तिथेच कळते की कशावर काम करायचे.

सुरुवात साधनाशिवाय करावी. कोपर सरळ ठेवून हवेत आकार काढायचा. कोपर वाकले की मूल मनगटानेच भिरभिर करते आणि खांदा कोराच राहतो. मग हातात मीटरभर रिबीन द्यावी, त्याहून लांब पायात येते. त्यानंतर भिंतीवर मोठा कागद, मध्य मुलाच्या खांद्याच्या उंचीवर, चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के. कागद हलला की मूल तो धरण्यात गुंतते आणि ठेका सुटतो. खडू तीन-चार सेंटिमीटरचा तुकडाच हवा. लांब खडू मुठीत धरला जातो, तुकडा बोटांनीच धरावा लागतो. आकार हातभर, मग वीतभर, मग तळव्याएवढा असा लहान होत जावा. रेघांची वही त्याच्याही नंतर.

दोन चुका हमखास होतात. पहिली लयीची. ‘मुलांसाठी सावकाश’ म्हणून अतिसंथ संगीत लावतात. पण लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते, संथ ठेका त्यांना धरवत नाही. त्यामुळे आधी मूल चालते त्या गतीने डफली वाजवावी आणि पुढे हळूहळू लय उतरवावी. ध्वनिमुद्रित गाण्यापेक्षा डफली सरस ती यासाठीच. शिवाय शब्द असले की मुले गाऊ लागतात आणि हात थांबतो. दुसरी चूक उभे राहण्याची. शिक्षिका मुलांसमोर तोंड करून उजव्या हाताने गोल काढते, तेव्हा मुलांना तो उलट्या दिशेने दिसतो. तिने पाठ करून उभे राहावे किंवा डाव्या हाताने आरशासारखी उलटी कृती करावी.

दिवसाला पंधरा मिनिटे पुरेत, त्यांतली कागदावर पाचच. उभी रेघ साधारण दोन वर्षांच्या मुलाला जमते, गोल तीनच्या आसपास, अधिक चिन्ह चारला. तिरपी रेघ बहुधा पाचव्या वर्षाशिवाय येत नाही आणि र, स, ख यांचे शेपूट तर तिरपेच असते. ही अक्षरे आधी शिकवण्याची घाई का होते, हे आम्हाला कळलेले नाही.

एवढ्याने अक्षरे येत नाहीत, हेही सांगायला हवे. अक्षर कुठून सुरू करायचे, हात कुठे उचलायचा, शिरोरेघ केव्हा द्यायची, हे पुढे वेगळे शिकवावेच लागते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नये. साडेपाच-सहा वर्षांच्या मुलालाही हात मध्यरेषेपलीकडे नेता येत नसेल किंवा दोन मिनिटांत हात गळत असेल, तर सराव वाढवत बसू नये, ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या कामांतल्या हालचाली सुधारायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवावे.

आपले,
बालवर्गांना शिकवणारे काही शिक्षक