पेन्सिलवाल्या आजीला

प्रिय आजी,

हे पत्र मी मराठीत लिहितोय आणि तुला मराठीचं अक्षरही येत नाही हे मला माहितीये. मंगळवारी कॉफीला येईन तेव्हा जर्मनमध्ये वाचून दाखवतो, पण आधी वसईच्या माझ्या माणसांना वाचू दे, कारण फोन केला की आई अजून विचारते, "तिकडे तुझं असं कोण आहे रे?" आणि फोनवर ते धड सांगता येत नाही. आणि हो, इथे तुला तू म्हणतोय. जर्मनमध्ये आपलं 'झी'चं 'डू', म्हणजे 'तुम्ही'चं 'तू', व्हायला तीन वर्षं लागली, माझ्या वाढदिवसाला तूच हात पुढे करून म्हणालीस की आता डू म्हण. मराठीत ते सोपं आहे, परक्या बाईला तुम्ही आणि स्वतःच्या आजीला तू.

मी धर्मगुरू म्हणून जर्मनीत, बव्हेरियात आलो तेव्हा मला वाटत होतं की माझी तयारी झालीये. वसईहून लोकल पकडून मुंबईत काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनला जर्मन शिकलो होतो, परीक्षा पास झालो होतो, सर्टिफिकेट फाईलमध्ये होतं. इथे आल्यावर कळलं की चार गावांतली चार चर्चेस एकत्र केलेली आहेत, धर्मगुरू कमी पडतात म्हणून, आणि शनिवार रविवार मला गाडीने एका चर्चमधून दुसऱ्या चर्चला पळायचंय. आणि लोक जे बोलत होते ते माझ्या पुस्तकातलं जर्मन नव्हतंच, ती त्यांची बव्हेरियन बोली. खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं, आमच्या घरी कादोडी, ही आमची वसईकडची बोली, बोलतात, पुण्याचं पुस्तकी मराठी शिकून कोणी आमच्या ओट्यावर येऊन बसलं तर त्यालाही पहिले सहा महिने काहीच कळणार नाही.

पहिले तीन महिने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की लोक दारात हात मिळवून "छान झालं फादर" म्हणायचे आणि मी समाधानाने घरी जायचो. मग एका रविवारी तू सांक्रिस्तीत, म्हणजे वेदीमागच्या फादरच्या तयारीच्या खोलीत, आलीस, मी अजून झगा काढत होतो, आणि उभ्या उभ्या सांगितलंस, "फादर, तुमचं प्रवचन मला अर्धं कळलं. बाकीच्यांना त्याहून कमी कळलंय, पण ते सांगणार नाहीत, कारण त्यांना तुम्हाला दुखवायचं नाहीये. मंगळवारी तीन वाजता माझ्याकडे या, कागद घेऊन या."

आजी, त्या रात्री मला झोप लागली नाही. खूप लागलं होतं मनाला. मंगळवारी जायचं नाही असं ठरवूनही टाकलं होतं, आणि तरी पावणेतीनला मी तुझ्या दारात होतो. तू चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, तुझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन कप, एक केक आणि टोक केलेली पेन्सिल होती. लाल पेन का नाही असं मी विचारलं तर म्हणालीस, पेन्सिलचं खोडता येतं, तुम्हाला पटलं नाही तर खोडा.

पहिलाच शब्द होता चर्च. जर्मनमध्ये 'किर्ह्ये', आणि माझ्या तोंडून निघत होतं 'किर्शे', म्हणजे चेरी. तीन महिने मी वेदीवर उभा राहून देवाच्या मंडळीबद्दल बोलत होतो आणि लोकांच्या कानावर चेरी पडत होती, आणि एकानेही मला सांगितलं नव्हतं. तू माझ्या तोंडासमोर मेणबत्ती धरलीस, ज्योत हलली पाहिजे म्हणालीस, अर्धा तास झाला तरी ते जमेना. मग मला एकदम सुचलं की आपण मराठीत 'ह्याला', 'ह्यांना' म्हणतो त्यातला 'ह्य' जरा जोरात सोडला तर तोच आवाज येतो! मी म्हणून दाखवलं तशी तू टाळ्या वाजवल्यास, आणि मग तूही "ह्याला, ह्यांना" म्हणत बसलीस. तुला आलेले पहिले मराठी शब्द तेच.

पण उच्चार ही त्यातली सोपी गोष्ट होती. माझ्या पहिल्या दफनविधीच्या आधी मयताच्या घरी भेटायला गेलो, इथे तशी पद्धत आहे, धर्मगुरूने घरच्यांशी बसून गेलेल्या माणसाबद्दल जाणून घ्यायचं. मी बघितलं तर कोणी रडत नव्हतं. टेबलावर फाईल होती, गाणी कुठली घ्यायची त्याची यादी होती, मुलगी शांतपणे तारखा सांगत होती. आमच्याकडे मयत झालं की अख्खी वाडी अंगणात येते, बायका मोठ्याने रडतात, रोजरी चालू असते, रात्रभर कोणी घरच्यांना एकटं सोडत नाही. मी तुझ्याकडे येऊन म्हणालो, यांना दुःखच झालेलं नाही. तू माझ्यावर रागावलीस, तेवढ्या एकदाच. म्हणालीस की ते दार बंद झाल्यावर रडतात, आणि ते तुम्हाला दिसणार नाही, म्हणून दोन आठवड्यांनी परत जा, काही काम न काढता नुसते जाऊन बसा. मी गेलो. त्या मुलीने दार उघडलं आणि मला बघून तिथेच उंबरठ्यावर रडायला लागली. त्या दिवसापासून मी प्रत्येक दफनानंतर दोन आठवड्यांनी जातो, आणि हे मला सेमिनरीत, धर्मगुरू व्हायच्या शिक्षणात, कोणी शिकवलं नव्हतं.

आणि १ नोव्हेंबर. सर्व संतांच्या सणाला इथे सुट्टी असते, दुपारी सगळी कुटुंबं आपापल्या थडग्यापाशी उभी राहतात आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडत फिरतो. आपल्याकडे २ नोव्हेंबरला मेणबत्त्या, फुलं घेऊन जातात, त्यामुळे मला वाटलं हे तर मला येतं. तू आठवडाभर आधी मला दफनभूमीत नेलंस, चौकटीच्या वहीच्या कागदावर नकाशा काढून दिलास, कोण कुठे, आणि तीन ठिकाणी पेन्सिलने फुली. इथे पटकन पुढे जाऊ नका, एवढंच म्हणालीस. त्यातलं एक थडगं १९५८ मधल्या दोन दिवसांच्या बाळाचं होतं. धुकं होतं, लाल काचेतले दिवे लागलेले, आणि तिथे एक म्हातारी आई एकटीच उभी होती. मी थांबलो, तिने माझा ओला हात दोन्ही हातांत घेतला, काही बोलली नाही. तो नकाशा माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे अजून.

बाकी किती लिहू. भारताचं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं म्हणून तू माझ्याकडून थिअरीचे प्रश्न पाठ करून घेतलेस, उजवीकडून येणारा आधी, उजवीकडून येणारा आधी. व्हिसाच्या कागदांसाठी माझ्याबरोबर रांगेत बसलीस. दारासमोरचा बर्फ सकाळी काढावाच लागतो हे सांगून फावडंही दिलंस.

एक मात्र लिहायलाच हवं. रिकामे बाक बघून मी खचलो होतो, मला वाटायचं माझ्या जर्मनमुळे लोक येत नाहीत. तू तेव्हा आकडा सांगितलास, २०२२ या एका वर्षात जर्मनीत ५ लाख २२ हजारांवर लोकांनी कॅथलिक चर्च रीतसर सोडलं. मग कप खाली ठेवून म्हणालीस, त्यात माझा मुलगा आहे. पुढे आपण बराच वेळ काही बोललो नाही. त्यानंतर मी बाक मोजणं सोडलं, आणि तुझ्या मुलासाठी रोज मिस्सेत प्रार्थना करतो, हे तुला आज सांगतोय.

आमच्याकडे फादर स्टीफन्सचं नाव सगळ्यांना माहितीये, इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आले आणि मराठी अशी शिकले की मराठीत काव्य लिहिलं. मी लहानपणापासून त्यांचं कौतुक ऐकलंय. आता वाटतं, त्यांचंही पहिलं मराठी कोणीतरी ऐकून घेतलं असणार, चूक झाली की थांबवलं असणार, त्या माणसाचं नाव मला कुठेच वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र, तुझं नाव तुला आवडणार नाही म्हणून घालत नाही, पण तू होतीस एवढं तरी लिहिलेलं राहू दे.

पुढच्या महिन्यात शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) नायजेरियाचे फादर येतायत आणि हॉस्पिटलच्या कामाला केरळच्या दोन सिस्टर्स. तू आत्ताच विचारलंस की त्यांना मंगळवार चालेल का. तुझं वय एक्याऐंशी, गुडघा दुखतो, म्हणून या वेळी मी शेजारी बसेन, केक मी आणेन. वसईहून भाऊ सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पाठवतोय, गेल्या आगमनकाळात, नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, तू सुक्या नाशपातीबरोबर ती पावात घातली होतीस आणि गावातल्या बायका रेसिपी मागत होत्या, तेव्हा यंदा जास्त मागवलीयेत.

मंगळवारी तीनला येतो. या पत्राचं जर्मन मी आज रात्री करतो, त्यात चुका असतील, पेन्सिल तयार ठेव.

तुझा,
वसईचा फादर