गिअरला चिकटून पेल्याची खाच कशाला?

महोदय,

एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं काढली. चिखल, डिझेल, पुराचं पाणी, सगळं बघितलं. पण पेलाभर कोकम सरबताने गाडी उभी राहिलेली गेल्या महिन्यात पहिल्यांदाच बघितली. गाडी मुलाची, नवी, ऑटोमॅटिक. पसरणीच्या घाटात वळणावर पेला कलंडला आणि सरबत थेट गिअरच्या गोल बटणावर. सूनबाईंनी लगोलग पुसलं. पाचगणीच्या अलीकडे कणसं खायला थांबलो, गाडी ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर टाकली, ती पुन्हा ‘डी’वर, म्हणजे चालवायच्या गिअरवर येईचना.

जुन्या गाड्यांत गिअरचा दांडा सळीने नाहीतर केबलने गिअरबॉक्सला जोडलेला असतो. वरून बादली ओता, गिअर पडणारच. या बटणाखाली नुसता सेन्सरचा बोर्ड. तिथून वायरीने कॉम्प्युटरला निरोप जातो आणि निरोपात गडबड दिसली की तो गिअर देत नाही. भलताच गिअर पडण्यापेक्षा ते बरंच म्हणा. पण हँडब्रेकही बटणाचा, ‘पी’बरोबर आपोआप लागणारा. त्यामुळे चारही चाकं जाम. हुकाची क्रेन आली तशी परत गेली. फळीवर चढवून नेणारी गाडी रात्री साडेनऊला आली, तोवर नातू कणसाचं बुरकुंड उशाशी घेऊन झोपला होता.

पाच दिवसांनी सर्व्हिस सेंटरमध्ये गिअरच्या बटणाचं युनिट उघडलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा हिरव्या पडलेल्या. सरबतातल्या मिठाची करामत. बोर्ड सुटा मिळत नाही, अख्खं युनिट घ्या म्हणाले, 43 हजार. वॉरंटीत बसत नाही. विम्याच्या सर्व्हेअरने ‘इलेक्ट्रिकल बिघाड’ लिहून हात वर केले.

पेला कलंडला ही चूक आमची. पण त्याची खाच बटणापासून चार बोटांवर ठेवली कोणी? एअरबस ए-350 विमानांत पॅनलवर पेय सांडून उडत असताना इंजिन बंद पडल्यावर, 2020 साली युरोपच्या विमान सुरक्षा यंत्रणेने कॉकपिटमध्ये पेय न ठेवण्याची जागाच ठरवून दिली. वैमानिकाच्या हातून सांडतं, तर घाटात आमच्या हातून सांडणारच. खाच हलवा, बोर्डाला पाणी न लागेल असं आवरण द्या, तो सुटा विका आणि ‘पी’ हाताने सोडवायची एक केबल ठेवा. बारा-चौदा लाखांच्या गाडीत एवढं जड नाही.

जुनं युनिट मी मागून घरी आणलंय. कुणा इंजिनिअरला बघायचं असेल तर खुशाल यावं.

— एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा