मार्चएंडला जमीनही सुटते : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून निसार हा भारत-अमेरिकेचा मिळून केलेला रडार उपग्रह गेला. त्यानंतर काही महिन्यांनी लेहमध्ये एक कार्यशाळा झाली. आपल्या अखत्यारीतल्या एका कार्यालयाचे साहेब आले होते. आम्ही रस्त्याच्या कामावरचे सुपरवायझर मागच्या खुर्च्यांवर होतो. साहेबांनी पडद्यावर लडाखचा नकाशा लावला. निळी म्हणजे गोठलेली जमीन, तांबडी म्हणजे सुटलेली, आतलं बर्फ वितळून मऊ पडलेली. आणि शब्द दिला, की येत्या हिवाळ्यापासून दर बारा दिवसांनी असा नकाशा तुमच्या मोबाइलवर येईल. चहा-समोसे झाले, फोटो झाले, आमचे नंबर वहीत लिहून घेतले. हिवाळा आला आणि गेला, नकाशा काही आला नाही. ईमेल केले, फोन केले. शेवटी ‘सदर बाब प्रक्रियाधीन आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तेव्हा मी दवाखान्यात मांडीत सळई घालून पडलो होतो.

हिंदी-इंग्रजीत लिहून बघितलं, काही उपयोग झाला नाही. म्हणून आता मराठीत लिहितो. आपण नाही वाचलं तरी माणदेशातली चार माणसं वाचतील आणि मी असा खाटेवर का पडलोय ते त्यांना कळेल.

मी खडकीचा सॅपर, म्हणजे फौजेत रस्ते-पूल बांधणारा. पलटणीतून निवृत्त झाल्यावर एका ठेकेदाराकडे लडाखमध्ये लागलो, कारण थंडीतली जमीन मला कळते असा माझा समज होता. मार्चचा शेवटचा आठवडा, लेहच्या पुढे सिंधूच्या काठाने जाणारा रस्ता. सकाळी कडेच्या पट्टीवर मी स्वतः पहार मारून बघितली. ठण्ण वाजली, हाताला झिणझिण्या आल्या. दुपारी दोनच्या सुमाराला समोरून गाडी आली म्हणून खडीने भरलेला टिपर त्याच कडेला घेतला. मागचं चाक आधी चार बोटं आत गेलं, मग हबपर्यंत. डांबराच्या फटीतून करडा रबडा वर आला. मी बाजूला उभा राहून हात दाखवत होतो. टिपर कलंडला तो माझ्याच बाजूला.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि खुबा सरकला. लेहहून चंदीगड, तिथून पुणे, मग घर. आता पाट-पाणी बंद, मांडी घालून बसणं बंद. संडासाची खुर्ची बायकोनं तालुक्याहून जीपच्या टपावर टाकून आणली. रात्री कूस बदलायची तर तिला उठवावं लागतं, आणि ती बिचारी दिवसभर शेरडांमागे असते. ठेकेदाराने महिन्याचा पगार दिला आणि फोन उचलायचं सोडलं. मुलीची नर्सिंगची फी भरायला म्हैस विकली. हे आपल्या खात्याचं काम नाही, ठाऊक आहे. कुठल्याच खात्याचं नाही.

आता जे आपल्या खात्याचं काम आहे ते ऐका. जमीन गोठली की सुटली हे रडारला का कळतं, ते तुमच्याच साहेबांनी आम्हाला शिकवलं. रडारच्या लहरीला पदार्थ किती दाद देतो त्याचा डायइलेक्ट्रिक म्हणून जो आकडा असतो तो पाण्याचा 80 च्या आसपास आणि बर्फाचा जेमतेम 3. ओली माती गोठली की परत येणारा प्रतिध्वनी एकदम पडतो, सुटली की पुन्हा चढतो. ढग असोत की अंधार, रडारला फरक पडत नाही. वर कोरडं बर्फ असलं तरी निसारची 24 सेंटीमीटरची लहर त्यातून पार खाली जाते. हा उपग्रह पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला डोक्यावरून जातो. म्हणजे सकाळी पहार वाजते आणि दुपारी चाक रुततं, ह्या दोन वेळा ताडून बघायची सोय त्याच्या कक्षेतच आहे. मार्चमध्ये वरची वीतभर माती दुपारी सुटते, खाली सगळं परातीसारखं घट्ट. पाणी झिरपायला वाट नाही, म्हणून वरच्या थराचा चिखल होतो आणि डांबर नुसतं त्यावर तरंगत राहतं.

साहेब म्हणतील, लडाखची माती कोरडी, तिथे फरक कमी दिसतो. म्हणतील, डोंगराच्या सावलीत रडार आंधळं होतं आणि वरच्या काही सेंटीमीटरपलीकडे त्याला दिसत नाही. सगळं मान्य. पण आमचा रस्ता नदीकाठचा, ओल्या मातीचा, उघड्या दरीतला. जिथे दिसतं तिथलं तरी दाखवा! आणि निसारचं राहू द्या. युरोपचा सेंटिनेल-1 हा रडार उपग्रह 2014 पासून वर आहे, त्याचा डेटा फुकट आहे. अमेरिकेने 2015 च्या जानेवारीत ह्याही कामाला एसमॅप नावाचा उपग्रह सोडला. त्याचं रडार जुलैत बंद पडलं. तरी उरलेल्या उपकरणावरून ते जमीन गोठल्या-सुटल्याचे नकाशे काढतात, जाडेभरडे का होईनात. आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर थंडी सरताना निव्वळ हवेच्या तापमानावरून हिशेब करून रस्त्यांवरच्या गाड्यांची वजनमर्यादा उतरवतात, तारखा आधी जाहीर करतात. निसारला दोन्ही देशांचे मिळून दीड अब्ज डॉलर लागले. कुणी ते साडेबारा हजार कोटी म्हणतं, कुणी तेरा. पाचशे कोटी इकडे-तिकडे, त्यावरून मी खाटेवर पडून कशाला भांडू?

खरं दुखणं वेगळंच आहे, मंत्रिमहोदय. त्या दिवशी खडी का चालली होती? कारण 31 मार्च. साइटवर माल पडला, मोजमाप पुस्तकात चढला, तरच बिल निघणार, नाहीतर निधी परत. ज्या दिवसांत त्या रस्त्यावर रिकामी गाडीसुद्धा जपून न्यावी, त्याच दिवसांत आपलं सरकार सगळ्यात जड गाड्या पळवतं. जमिनीला कोण सांगणार की जरा एप्रिलपर्यंत थांब, मार्चएंड आहे? 19,024 फुटांवर लडाखमधल्या उमलिंग ला खिंडीचा रस्ता झाला, गिनीज बुकात नोंद झाली. सॅपर म्हणून माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण त्या डांबराखालची माती कुठल्या आठवड्यात सुटते ह्याची नोंदवही मला तरी कुठल्या टेबलावर दिसली नाही.

आणि आकडे असले तरी तुम्ही ते लोकांना देता का? उत्तराखंडातलं जोशीमठ आठवतंय? 27 डिसेंबर 2022 ते 8 जानेवारी 2023, बारा दिवसांत 5.4 सेंटीमीटर जमीन खचली हे आपल्याच इस्रोने उपग्रहाच्या मोजणीवरून सांगितलं. घराला तडे गेलेल्या माणसाला पहिल्यांदा काहीतरी नेमकं कळलं. लगेच तो अहवाल संकेतस्थळावरून गायब, आणि संस्थांना फर्मान, की माध्यमांशी बोलू नका. लोक घाबरतील म्हणे. लोक भेगांना घाबरत होते साहेब, आकड्यांना नाही. नकाशा काढायची अक्कल ह्या देशात भरपूर आहे, पण काढलेला नकाशा खालच्या माणसाच्या हातात द्यायची वेळ आली की सगळ्यांचे हात आखडतात.

आता तातडीचं. आमचा ड्रायव्हर झारखंडचा, दुमक्याकडचा पोरगा. चौकशी अहवालात दोन ओळी आहेत : चालकाने वाहन निष्काळजीपणे कडेला घेतले, रस्ता सुस्थितीत होता. सुस्थितीत! पाहणी दुसऱ्या दिवशी पहाटे झाली, तेव्हा सगळं पुन्हा गोठून दगड झालेलं. पोरावर गुन्हा आहे, लायसन जप्त आहे, आणि तो मलाच ‘उस्ताद, आप बोल दो ना’ म्हणतो. मी बोललो. माझा जबाब कुणी जोडला नाही.

म्हणून मागणं एवढंच. त्या पट्ट्यावरून मार्चच्या उत्तरार्धात जेवढे रडार उपग्रह गेले, आपले असोत की परके, त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी काढून, त्यांचा अर्थ लावून, आपल्या कार्यालयाच्या शिक्क्यानिशी त्या पोराच्या वकिलाला द्या. नोंदींत जमीन गोठलेली निघाली तर तसं लिहून द्या, मी तेही घेईन. लायसनचा क्रमांक, गुन्ह्याचा क्रमांक आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सोबतच्या कागदावर आहेत. नकाशा मोबाइलवर पाठवायचं तुमच्या सवडीने बघा. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
एक निवृत्त सॅपर
ता. माण, जि. सातारा