चौथ्या आसनावरचा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ मार्च २०२५ च्या पहाटे सुनीता विल्यम्स आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून परतल्या आणि गुजरातेतल्या झुलासण या त्यांच्या वडिलांच्या गावी मिरवणूक निघाली. आम्हा बडोदेकरांनाही ती आपल्याच घरची बातमी वाटली. पण त्या यानात चौघे होते. सुनीता, बुच विल्मोर, निक हेग आणि रशियाचे अलेक्झांडर गोर्बुनोव्ह. हे चौथे नाव मला बातम्यांत फार शोधावे लागले. आमच्या वाड्यात गणपतीपुढे अंतराळाचा देखावा करणाऱ्या मुलांनीही ते ऐकले नव्हते. याचे मला फार वाईट वाटते.

सप्टेंबर २०२४ मध्ये हे यान वर गेले, तेव्हा स्वतःच्या यानातल्या बिघाडामुळे स्थानकावर अडकलेल्या सुनीता आणि विल्मोर यांच्यासाठी दोन आसने रिकामी ठेवायची होती. त्यासाठी नासाने स्वतःच्या दोन अंतराळवीर महिलांना खाली थांबवले, गोर्बुनोव्ह यांची जागा मात्र कायम ठेवली. कारण स्थानकाचा संसारच सामाईक आहे. ते हळूहळू खाली सरकते, त्याला पुन्हा वर ढकलण्याचे काम मुख्यत्वे रशियन इंजिने करतात. विजेचा मोठा भाग येतो अमेरिकेच्या सौरपंखांतून. एखाद्या देशाचे यान अडकून पडले, तरी दोन्हीकडची यंत्रे जाणणारे कोणी ना कोणी वर असायलाच हवे. म्हणून अमेरिकन माणूस रशियाच्या सोयूझ यानातून जातो आणि रशियन माणूस अमेरिकेच्या ड्रॅगन यानातून.

स्वतः सुनीता २०१२ मध्ये कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावरून सोयूझनेच गेल्या होत्या, रशियाचे युरी मालेंचेंको आणि जपानचे अकिहिको होशिदे यांच्याबरोबर. २०११ ते २०२० या काळात तर अमेरिकेकडे माणसे नेणारे स्वतःचे यानच नव्हते. आणि मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचे युद्ध पेटलेले असताना, अमेरिकेचे अंतराळवीर मार्क वांडे हाय ३५५ दिवसांनी दोन रशियनांसोबत कझाकस्तानात उतरले. ही गोष्ट मी शाळेत शिकवत असते, तर त्यावर पूर्ण तास घेतला असता.

आपले शुभांशु शुक्ला रशियातही शिकले आणि अमेरिकेतही. जून २०२५ मध्ये ते स्थानकावर पोचले तेव्हा तिथे रशियन अंतराळवीरही होते. तेव्हा एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी छापताना यानातल्या सगळ्यांची नावे देशासह द्यावीत, आणि मुलांच्या पानावर सुनीता, विल्मोर, हेग आणि गोर्बुनोव्ह या चौघांचा एकत्र फोटो छापावा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान-शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे