बालसंरक्षण कर्मचाऱ्यांच्या मनाचं काय?

महोदय, जिल्हा बालसंरक्षण कक्षांच्या कामाचा आढावा घेणारी तुमची बातमी वाचली, केसेस किती आल्या आणि किती निकाली निघाल्या हे सगळं त्यात आहे पण त्या हाताळणाऱ्या माणसांबद्दल एक ओळही नाही, हे खटकलं.

माझी एक मैत्रीण हेच काम करते. अहवालात अत्याचार सोसलेल्या लहान मुलीचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि मग घरी येऊन स्वतःच्या लेकीला भरवायचं, आता ती लेकीला शेजारी खेळायलाही पाठवत नाही, रात्री फोन वाजला की दचकून उठते. याला कुणी मनाचा कमकुवतपणा म्हणू नये. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजाराच्या निकषात, बाल अत्याचाराचे तपशील वारंवार समोर येणाऱ्या पोलिसांचं उदाहरणच दिलंय. आपल्याकडे तर बरीचशी पदं कंत्राटी, त्यामुळे 'मला डिप्रेशन आलंय' असं साहेबांना सांगायचीही भीती, उद्या करारच वाढवला नाही तर?

ट्रेनिंग होतात, पण भर बहुतेक पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय कायद्यावर. महिला व बालविकास विभागाने दर महिन्याला कामाच्या वेळेतच बाहेरच्या समुपदेशकाशी बोलायची सोय करावी, त्यातलं अक्षरही वरिष्ठांपर्यंत जाऊ नये, आणि एकाच व्यक्तीकडे सलग लैंगिक अत्याचाराच्याच केसेस देऊ नयेत. पुढच्या आढाव्यात याचीही माहिती विभागाकडून मागावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा