तीन कुत्र्यांपैकी एक

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

निवाऱ्यातल्या तीन कुत्र्यांपैकी कोणते घरी आणावे असे तू विचारलेस, आणि सोबत पाठवलेले फोटो आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा पाहिले. हस्कीचे पाच आणि बाकी दोघांचा, म्हणजे पिल्लाचा व गावठी कुत्रीचा, एकेक, यावरून तुझा कल कुठे आहे ते समजले. त्याचे निळे डोळे तुझ्या आईलाही आवडले. पण ही जात सैबेरियातली, बर्फावरून गाडी ओढत मैलोन्‌मैल धावण्यासाठी जोपासलेली. अंगावर केसांचे दोन थर असतात, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर एसी चालू ठेवण्याची व रोज पहाटे तासभर पळण्याची तुझी तयारी नसेल, तर त्याला एका कोंडवाड्यातून काढून दुसऱ्यात घातल्यासारखे होईल. ज्यांनी त्याला सोडले, त्यांनीही बहुधा डोळेच पाहिले असावेत.

पिल्लाविषयी मात्र मला तुझ्यापाशी एक कबुली द्यायची आहे. तू तिसरीत असताना आपल्याकडे आलेला राजा हा कुत्रा मामाच्या शेतावर गेला, असे आम्ही तुला सांगितले होते. तो शेतावर गेलाच नव्हता. दोन महिन्यांचे ते पिल्लू मी लशीची चौकशी न करता उचलून आणले. आठवड्याभरात त्याला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, आणि तिसऱ्या रात्री मोरीजवळच्या गोणपाटावर त्याने मान टाकली. तो पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार होता. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते, आणि विषाणू घरात-अंगणात कित्येक महिने टिकतो, हे मला डॉक्टरांकडून नंतर कळले. तू दुसरे पिल्लू मागायचास आणि मी चिडायचो, त्याचे कारण हे. शिवाय पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावे लागते. तू आठवड्यातून तीन दिवस कचेरीत असतोस, तेव्हा ते कोण नेणार?

उरली ती बदामी रंगाची गावठी कुत्री, आणि माझे मत तिच्याच बाजूने आहे. तिच्या कानाचे टोक कापलेले पाहून आईला वाईट वाटले. पण ती मारहाणीची जखम नसून नसबंदी व रेबीजची लस झाल्याची खूण असते, आणि भुलीत असतानाच ती करतात. (रेबीजची लस पुढेही दरवर्षी टोचावी लागेल, ते विसरू नकोस.) मोठ्या कुत्र्याचे बरे असे की त्याचे माप आणि स्वभाव समोर दिसतो, पिल्लाच्या बाबतीत सगळा अंदाजच. म्हणून वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा जा. जेवणाच्या थाळीजवळ माणूस गेला तर ती गुरगुरते का, शेजारून मोटारसायकल गेली की काय करते, जिना चढते का, हे स्वतः पाहा. रस्त्यावर वाढलेली कुत्री जिन्याला आणि लिफ्टला बिचकतात. ते सवयीने जाते. गोचीड तापाची रक्ततपासणी झाली आहे का तेही विचार, कारण गावठी कुत्रे आजारी पडतच नाही ही आपली समजूत खरी नव्हे. पहिले काही दिवस ती कॉटखालून बाहेर आली नाही, तर ओढून काढू नकोस.

घरमालकांची परवानगी लेखी घे. सोसायटीला ठराव करून कुत्रे पाळण्यास बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत म्हटले आहे. पण भाडेकरार हा तुझ्या आणि घरमालकाच्या मधला, तिथे त्या सूचना पुढे करून भांडत बसण्यात अर्थ नाही.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी येतो, दोघे मिळून जाऊ. राजाचा पट्टा अजून माळ्यावरच्या पेटीत आहे. पण तो पिल्लाच्या मापाचा, हिच्या गळ्याला येणार नाही. तिच्यासाठी तिकडेच नवा घेऊ.

तुझे,
बाबा